प्रश्न तुमचे: संघाचा फोटो कितीला विकावा?

खेळांचा हंगाम संपत आला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. वर्षभर लेन्स आणि प्रकाशाबद्दल विचारणारे वाचक पैशांबद्दल विचारू लागतात. गेली बावीस वर्षं मी हौशी संघांचे फोटो काढते. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, पोहण्याचे संघ, धावणाऱ्यांचे गट, सगळेच. कॅमेरा मी दोन वर्षांत शिकले, हिशोब शिकायला सात वर्षं लागली. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून फक्त हीच घेतली आहेत.

प्रश्न: मी नोकरी सांभाळून फोटो काढतो. ओळखीच्या एका क्लबने मुलांच्या साखळी स्पर्धेतल्या १२ संघांचे फोटो काढायला सांगितलं आहे. एका संघात १४ खेळाडू. प्रत्येकाला संघाचा एक आणि त्याचा एकट्याचा एक असे दोन फोटो हवेत. क्लबचे सचिव माझे मित्र आहेत. ते म्हणतात, "प्रिंटला असा कितीसा खर्च येतो? त्यावर थोडं लाव आणि दे." किती लावू?

"प्रिंटवर थोडं लाव" हा सल्ला ऐकून काम घेतलेले आणि दोन हंगामांत हे काम कायमचं सोडलेले चांगले छायाचित्रकार मी पाहिले आहेत. प्रिंट हा तुमच्या खर्चातला सगळ्यात लहान तुकडा आहे. भाव त्याच्यावरून ठरवायला गेलात, तर तुमचे सगळे तास फुकट जातात आणि ते कोणाला दिसतही नाहीत.

कागद घ्या आणि माझ्याबरोबर हिशोब करा. चलन कोणतंही असो, मी नुसते 'एकक' धरते. तुम्ही तुमचे आकडे घाला.

मैदानावर तुमचे ८ तास जातील. त्याआधी वेळापत्रक, नावांच्या याद्या, ऑर्डरचे कागद यात ४ तास. नंतर फोटो निवडणं, रंग सारखे करणं, ऑर्डर जुळवणं, पाकिटं भरणं यात १४ तास. हे शेवटचे १४ तास नवखा माणूस नेहमी विसरतो. एकूण २६ तास झाले. तासाला ३० एकक धरले तर ७८०. मदतनीस लागतोच, त्याचे ८ तास १५ एककांनी, म्हणजे १२०. प्रवास, विमा, कॅमेऱ्याची झीज यांचे १००. बेरीज १,०००. एकही फोटो विकला गेला नाही तरी हा खर्च झालेलाच असतो.

आता एका पाकिटाचा, म्हणजे एका खेळाडूच्या दोन फोटोंच्या संचाचा, खर्च. प्रिंट आणि माउंट ४, पाकीट आणि बांधणी १. पाकिटाची किंमत २५ ठेवलीत आणि क्लबला १५ टक्के द्यायचं ठरलं, तर त्याचे ३.७५. पैसे घेण्याच्या सेवेचे ०.२५. मिळून ९. एका पाकिटामागे तुमच्या हातात १६ उरतात. १,००० ला १६ ने भागा. ६३ पाकिटं विकली गेली की तुमचे कष्ट निघाले. १६८ खेळाडूंपैकी ६३, म्हणजे दर आठ जणांमागे तिघांनी घ्यायला हवं.

सचिव म्हणतील, २० कर, जास्त खपतील. किंमत २५ वरून २० केलीत तर ऐकायला पाचच कमी झाले. पण प्रिंटचा खर्च तोच राहतो. क्लबचा वाटा आणि सेवेचा खर्च थोडा घटतो, तरी पाकिटामागे ८.२० जातातच आणि उरतात ११.८०. आता ६३ च्या जागी ८५ पाकिटं विकावी लागतील, म्हणजे निम्म्याहून एक जास्त खेळाडूने घ्यायला हवं. स्वतःला विचारा, पाच एकक कमी केल्यामुळे आणखी २२ घरं खरंच पुढे येतील? माझ्या वहीतला अनुभव असा की ज्या घराला फोटो हवा असतो ते २५ देतं, आणि ज्याला नको असतो ते १५ लाही घेत नाही. तुमची वही वेगळं सांगेल, पण त्यासाठी वही ठेवावी लागेल. पहिल्या दिवसापासून ठेवा. संघ कोणता, खेळाडू किती, ऑर्डर किती, दिवस कोणता, पैसे आधी की नंतर, एवढे पाच रकाने पुरतात.

मित्राचं काय करायचं ते सांगते. भीड ही भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि मित्राने विचारलं की विसरतो. वरचा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा, एकही आकडा न लपवता. मी हे केलं आहे. समोरच्याने २६ तास कधी मोजलेलेच नसतात, त्यामुळे त्याला खरंच माहीत नसतं. मोजलेले पाहिल्यावर बोलणं बदलतं. तरीही बदललं नाही, तर ते काम सोडून द्या.

आणखी एक. संघामागे २० मिनिटं धरा. १४ जणांचे एकेकटे फोटो पाऊण मिनिटाच्या चालीने साडेदहा मिनिटांत होतात, उरलेल्या वेळात संघाचा फोटो. १२ संघांना ४ तास लागतात. बाकीचे ४ तास मांडामांड, उशिरा येणारे संघ आणि बुटाची नाडी बांधणारी मुलं घेतात. एका दिवसात १८ संघ घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. अकराव्या संघाच्या वेळी तुमचा आवाज चिडका होतो, आणि तो मुलांच्या चेहऱ्यावर उमटतो.

प्रश्न: फोटो आधी काढून, छापून घरोघरी पाठवले आणि "आवडला तर पैसे द्या, नाही तर परत करा" असं सांगितलं तर जास्त विक्री होते म्हणतात. हे बरोबर आहे का?

विक्री होते, हे खरं आहे. छापलेला फोटो हातात आला की परत करवत नाही. मी पहिल्या दोन वर्षी हेच केलं. दुसऱ्या वर्षी एका संघाची परत आलेली पाकिटं मोजत होते. त्यात एक पाकीट उघडलेलं होतं आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने मुलाचं नाव, जर्सीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली होती. मुलाने फोटो आपला धरला होता. घरी पैसे नव्हते, म्हणून तो परत आला. मी तो परत पाठवून दिला, पैसे न घेता. पण त्या मुलाच्या हातून फोटो काढून घेतला जाण्याचा प्रसंग मीच घडवून आणला होता. त्यानंतर मी ही पद्धत बंद केली.

व्यवहार म्हणूनही ती महाग पडते. न विकलेल्या प्रत्येक प्रिंटचा खर्च विकलेल्या प्रिंटवर चढतो, म्हणजे प्रामाणिकपणे पैसे देणारी घरं न देणाऱ्यांचे पैसे भरतात.

मी आगाऊ ऑर्डर घेते. फोटोच्या दिवसाआधी दहा दिवस ऑर्डरचा कागद घरी जातो. पैसे फोटोच्या दिवशी किंवा त्याआधी. ज्यांनी ऑर्डर दिली नाही त्यांचाही फोटो मी काढतेच, अगदी तसाच, तेवढाच वेळ देऊन. रांगेतून कोणाला बाजूला काढणं मला मान्य नाही. नंतर ऑर्डर द्यायला तीन आठवडे असतात आणि तेव्हाची किंमत थोडी जास्त, कारण एकेक प्रिंट वेगळी पाठवायला खरोखरच जास्त खर्च येतो. हे कारण कागदावर लिहा. लोकांना जास्त पैसे देण्याचा राग कमी येतो, त्यामागचं कारण न कळल्याचा जास्त येतो.

एक युक्ती सांगते, तिने माझे कितीतरी तास वाचवले. खेळाडू समोर आला की पहिला फोटो त्याच्या ऑर्डरच्या कागदासकट काढायचा, कागद छातीशी धरून, नाव वाचता येईल असा. पुढचे फोटो कागद बाजूला ठेवून. नंतर संगणकावर नाव आणि चेहरा जुळवायला कोणालाही विचारावं लागत नाही. जुळ्या भावंडांच्या वेळी याची किंमत कळते.

प्रश्न: मी संघाची व्यवस्थापक आहे, पगार नसलेली. छायाचित्रकार विक्रीतला काही भाग क्लबला देऊ म्हणतो. घ्यावा का? पालकांना काय वाटेल?

घ्या, पण ऑर्डरच्या कागदावर छापून घ्या की इतके टक्के क्लबला मिळतात आणि त्यातून चेंडू, जाळी, जे काही घेणार ते घेतलं जाईल. लपवलेला वाटा एक दिवस बाहेर येतो आणि मग फुकट राबणाऱ्या तुमच्यासारख्यांवरच बोट जातं. पैसे क्लबच्या खात्यात जाऊ द्या, प्रशिक्षकाच्या हातात नको.

छायाचित्रकारांसाठीही सांगते. वाटा देताना बदल्यात काम मागा. नावांची बिनचूक यादी, वेळेवर येणारे संघ, रांगेपाशी उभा राहणारा एक मोठा माणूस. या तीन गोष्टी मिळाल्या तर १५ टक्के मला कधीच जड वाटले नाहीत. संघ चार-पाचच असतील तर वाट्याच्या भानगडीत पडू नका. क्लबकडून एकच ठरावीक रक्कम घ्या आणि सगळ्या खेळाडूंना फाइल देऊन टाका. लहान संख्येत पाकिटांची विक्री हा जुगार होतो, दोन घरांनी नाही म्हटलं की दिवस वाया.

प्रश्न: माझी मुलगी पहिल्या रांगेत अगदी कडेला बसली होती. ८ बाय १० इंचांचा संघाचा फोटो मागवला. तिचा खांदा आणि अर्धा हात कापला गेला आहे. छायाचित्रकार म्हणतो, "कागदाचा आकारच तसा." कोण बरोबर?

तुम्ही. कागदाचा आकार तसा आहे हे खरं, पण ते त्याला फोटो काढण्याआधी माहीत हवं होतं. तुमच्या हातात बिनकापलेला फोटो यायला हवा, नवे पैसे न भरता.

घडतं काय ते समजून घ्या, म्हणजे बोलताना उपयोग होईल. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र ३ ला २ या प्रमाणात उमटतं. ४ बाय ६ च्या कागदाचं प्रमाण तेच, म्हणून त्यात सगळं बसतं. ८ बाय १० चं प्रमाण ५ ला ४. कॅमेऱ्यातलं चित्र ८ इंच उंच केलं की ते १२ इंच रुंद होतं आणि कागद १० इंचच. दोन इंच जातात, म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा, दोन्ही बाजूंनी एकेक इंच. संघाच्या फोटोत नेमकी त्याच एका इंचात माणसं बसलेली असतात.

म्हणून फोटो घेतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ५ ला ४ च्या रेघा लावून ठेवते आणि शेवटचा खेळाडू रेघेच्या आत असल्याशिवाय बटण दाबत नाही. दुसरी चूकही कडेच्याच माणसांना भोवते. जागा कमी म्हणून फार रुंद कोनाची लेन्स लावली की कडेचे चेहरे आणि दंड ताणले जातात. मागे सरकता येत असेल तर सरकावं. सरकता येत नसेल तर एक रांग वाढवून संघ अरुंद करावा. तीन रांगा स्पष्ट यायला मी लेन्सचं छिद्र लहान करून साधारण एफ ८ वर काम करते.

आणि डोळे! "आमच्याच मुलाचे डोळे मिटलेले" अशी तीन पत्रं या ढिगात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी यावर खरोखर गणित केलं होतं. त्यासाठी त्यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. लोक हसले असतील, पण मी ते गणित रोज वापरते. माणसं २० पेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात संख्येला ३ ने भागा, अपुऱ्या उजेडात २ ने. जेवढं उत्तर येईल तेवढे फोटो काढा, म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. १५ जणांसाठी चांगल्या उजेडात पाच, अंधाऱ्या सभागृहात आठ. मी वर आणखी दोन काढते.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला लागलं, "तिने फोटो कपाटात ठेवून दिला." छायाचित्रकाराला हे वाक्य कळवा. संघाच्या फोटोत प्रत्येक घर आपलं एक माणूस शोधतं. बाकीचे तेरा जण कितीही छान आले असले, तरी त्या घरासाठी फोटो त्या एकावरच ठरतो. आम्ही किंमत चौदा घरांकडून घेतो, तर चौदा वेळा तपासायला हवं.

प्रश्न: पाकिटात काय काय ठेवावं? मी नऊ प्रकारचे पर्याय ठेवले आहेत, तरी लोक सगळ्यात स्वस्तच घेतात.

नऊ आहेत म्हणूनच. रांगेत उभं राहून कोणी नऊ ओळी वाचत नाही. सगळ्यात खालची किंमत दिसते, तिथे खूण होते. तीन ठेवा. साधं, भरलेलं आणि फक्त फाइल.

भरलेल्या पाकिटात छोटे फोटो जरूर घाला, खिशातल्या पाकिटात मावतील असे आठ. याची मुळं जुनी आहेत. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छबी घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. भेटकार्डाएवढे ते फोटो स्वस्त झाले आणि लोक ते एकमेकांना वाटू लागले. मोठा फोटो भिंतीवर एकदाच लागतो. छोटा फोटो आजीकडे, मामाकडे, जिवलग मित्राकडे जातो. मुलं ते आपसांत बदलतात, मागे नावं लिहून. तुम्हाला त्याचा खर्च फार येत नाही आणि घराला मात्र भरभरून मिळाल्यासारखं वाटतं, कारण खरोखरच मिळालेलं असतं.

किल्ल्यांच्या साखळ्या, कप, चुंबकं मी ठेवत नाही. प्रत्येक नवी वस्तू म्हणजे ऑर्डर जुळवताना चुकण्याची एक नवी जागा.

प्रश्न: सामन्यांचे फोटो मी संकेतस्थळावर टाकतो, प्रत्येक सामन्याचे चारशे-पाचशे. लोक पाहतात, कौतुक करतात, घेत कोणी नाही. किंमत जास्त आहे का?

किंमत नंतर पाहू. पाचशे फोटोंत आपलं मूल शोधायला किती वेळ लागतो, हे कधी स्वतः करून पाहिलंत? दमलेले आईवडील रात्री दहाव्या पानावर थांबतात. सामन्याचे फोटो जर्सीच्या क्रमांकाप्रमाणे लावा. ७ नंबरच्या आईला फक्त ७ नंबर दिसू द्या, वीस फोटो, त्याहून जास्त नकोत.

मग किंमत. एकेक फोटो विकू नका. एका खेळाडूचे त्या दिवसाचे सगळे फोटो मिळून एक भाव ठेवा. एकेका फोटोला किंमत लावली की घर निवडत बसतं, निवडता येत नाही म्हणून उद्यावर टाकतं, आणि उद्या दुसरा सामना असतो. सामना ताजा असतो तोवरच फोटो विकला जातो. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लावते. त्यासाठी थोडे कमी फोटो काढावे लागले तरी चालतील.

आता खरं दुखणं. तुमचे काही फोटो मी पाहिले. गोल करणारी दोन मुलं चाळीस वेळा आहेत आणि बचावातली चार मुलं एकदाही नाहीत. मैदानावर डोळा चेंडूमागे जातो, हे मला माहीत आहे, माझाही जातो. पण चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या दोन फोटोंनंतर तिसरा फोटो कोणाच्या घरी जाणार आहे? मी क्रमांकांची यादी खिशात ठेवते आणि मध्यांतरात खुणा करते. ज्याच्यापुढे खूण नाही, त्याच्यासाठी दुसरा अर्धा सामना. गोलरक्षकासाठी दहा मिनिटं गोलामागे जाऊन बसते. एकदा एक राखीव खेळाडू शेवटची चार मिनिटं उतरला. त्या चार मिनिटांत मी फक्त त्याच्याकडे पाहत होते. चेंडू त्याच्याकडे एकदाच आला. त्याच्या आईने तो संच त्याच रात्री घेतला आणि पुढच्या हंगामात तिच्यामुळे मला तीन संघांचं काम मिळालं. पण ते काम आलं नसतं तरी त्या चार मिनिटांत मी दुसरीकडे पाहिलं नसतं.

तांत्रिक दोनच गोष्टी. मैदानी खेळांना शटर, म्हणजे कॅमेऱ्याची उघडझाप, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं तरी वेगवान हवं, नाही तर पाय धूसर येतात आणि धूसर फोटोला कोणी पैसे देत नाही. बंद सभागृहात काही दिवे विजेच्या लहरींबरोबर उजळतात आणि मंदावतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० ची असेल तर १२० वेळा. वेगवान शटर कधी उजेडात पडतं, कधी अंधारात, आणि एकापाठोपाठ घेतलेले फोटो पिवळे-निळे येतात. कॅमेऱ्यात ही फ्लिकर, म्हणजे दिव्यांची लुकलुक, टाळण्याची सोय असेल तर ती चालू करा.

प्रश्न: लोक वॉटरमार्क असलेल्या नमुन्याचाच स्क्रीनशॉट घेऊन लावतात. तक्रार करू का?

नका करू. नमुना छोटा ठेवा, लांब बाजू हजार पिक्सेलच्या आत, म्हणजे तो छापता येत नाही. ८ बाय १० च्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० प्रमाणे २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. वॉटरमार्क चेहऱ्यावर मारू नका. खरेदी करायची तर चेहरा दिसायला हवा, आणि मुलाच्या चेहऱ्यावर आडवी अक्षरं मला बघवत नाहीत. बारा वर्षांची मुलगी स्क्रीनशॉट घेते, कारण तिला तो फोटो आवडला. एका फाइलची किंमत तिच्या घराला परवडेल अशी आहे का, ते आधी पाहा.

मुलांचे फोटो उघड्यावर ठेवू नका, ही माझी खरी चिंता. प्रत्येक संघाला वेगळा पासवर्ड, फोटोखाली पूर्ण नाव नाही, शाळेचं किंवा सरावाच्या जागेचं नाव नाही. ज्यांच्या घराने लेखी होकार दिलेला नाही त्यांचे फोटो लावायचेच नाहीत. १९८९ च्या बालहक्क करारातलं १६ वं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे. पण मला त्यासाठी कलम लागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला एका पालकाने मला फक्त "नको" एवढंच सांगितलं होतं, कारण सांगितलं नाही. विचारायचंही नसतं.

प्रश्न: आम्ही संघाच्या फोटोची फाइल विकत घेतली. आता एक प्रायोजक ती जाहिरातीत वापरू इच्छितो. पैसे आम्ही दिले, मग परवानगी कशाला?

फाइलचे पैसे दिलेत, हक्काचे नव्हेत. १८८६ च्या बर्न करारानुसार, तो मानणाऱ्या देशांत, फोटोवरचा हक्क मिळवायला कुठे नोंदणी करावी लागत नाही, फोटो काढताच तो निर्माण होतो. तो कोणाचा आणि किती वर्षं, हे त्या त्या देशाचा कायदा आणि तुमचा करार ठरवतो. घरी लावणं, छापणं, नातेवाइकांना पाठवणं हे तुमच्या पावतीत असेल. जाहिरात वेगळी. छायाचित्रकाराला विचारा, आणि फोटोतल्या प्रत्येक मुलाच्या घरालाही विचारा. छायाचित्रकारांनी फाइलबरोबर चार सोप्या ओळींचा परवाना द्यावा, काय चालेल आणि काय नाही. माझ्याकडे येणारे निम्मे वाद त्या चार ओळी नसल्यामुळे झालेले असतात.

प्रश्न: फोटोच्या दिवशी दोन खेळाडू आजारी होते. त्यांना नंतर फोटोत घालावं का?

घालता येतं, मी घालते. त्याच वेळेच्या उजेडात, त्याच उंचीवरून त्यांचा फोटो घेऊन. त्यासाठी मूळ फोटोत मागच्या रांगेत दोन माणसांची जागा सोडावी लागते, म्हणून गैरहजर किती हे आधी विचारा. याचे वेगळे पैसे लावू नका. आजारपण त्या मुलांनी मागून घेतलं नव्हतं.

प्रश्न: सतरा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या संघाचा फोटो काढला होता. तेव्हा घरी पैसे नव्हते, ऑर्डर दिली नाही. आता आमच्यातला एक जण राहिला नाही. तो फोटो मिळू शकेल का? काय किंमत होईल?

जुन्या फाइल मी तीन ठिकाणी ठेवते, त्यांतल्या दोन वेगवेगळ्या घरांत. जुन्या फोटोसाठी एरवी मी शोधायला लागणाऱ्या वेळेचे पैसे घेते आणि ते योग्यच आहे, कारण वर्षानुवर्षं जपायलाही खर्च येतो. फोटोतलं माणूस गेलं असेल तर घेत नाही.

तुमच्या संघात सोळा जण होतात असं तुम्ही लिहिलं आहे. सोळा प्रती काढीन, एक त्याच्या घरासाठी मोठी. त्या वर्षी मी ऑर्डरचे कागद नावाने लावलेले नव्हते, म्हणून जर्सीचा रंग कळवा, आणि तो मागच्या रांगेत डावीकडून कितवा उभा होता तेही.